आक्काच्या खिडकीतला खवल्या

रामनवमी, २००१. रक्कम शंभर रुपये, एकच नोट. हजर – मी, माझी बायको आणि अंथरुणाला खिळलेली माझी थोरली बहीण आक्का.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. नोकरीभर हिशेबच लिहिले. हा एक मात्र जुळत नाही...

आमचं घर खेड तालुक्यात. आक्काच्या खिडकीबाहेर फणसाखाली वारूळ आहे. रात्री तिथे खवल्या मांजर येऊन माती उकरतं, असं ती सांगायची. दुसऱ्या कुणालाच ते दिसलं नव्हतं. शेजारी म्हणत, म्हातारीला भास होतात. तिला ते फार लागलं होतं.

"बाबू, मला वेडी ठरून जायचं नाही रे. एक फोटो काढ त्याचा."

"आक्का, रोल धुवायला किती पडतात ठाऊक आहे?"

"मग हे घे." उशीखालून तिने नोट काढली. "आणि अर्धा रोल धुवायला दिलास तर बघ मेल्या! संपव आधी."

बायको हसली. "वन्सं, तुम्ही भावाच्याही वरताण!"

गोठ्याच्या माळ्यावर बसून मी आवाजाच्या रोखाने फ्लॅश मारायचो. दिसत काहीच नसे. सकाळी आक्का विचारायची, "आला का रे?"

"रोल संपू दे."

रोल संपायच्या आधी आक्का गेली.

दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवला, त्याचा फोटो घेतला. तिथेच रोल संपला. कॅमेऱ्याने फिल्म आपोआप गुंडाळली. त्याच दिवशी तिचा पाण्याचा तांब्या भटजींना दान दिला.

चिपळूणचा स्टुडिओवाला म्हणाला, "काका, सगळा पालापाचोळाच हो! पण शेवटचा झकास आलाय."

शेवटचा म्हणजे कावळा, असं धरून मी हात पुढे केला...

खवल्या होता. वारुळावर पुढचे पाय टेकून वर बघणारा. अलीकडे खिडकीचे गज, कट्ट्यावर आक्काचा तांब्या.

निगेटिव्ह उजेडाला धरली. आधी कावळा – आणि त्याच्यानंतर हा. आक्काच्या खोलीतून मी एकही फोटो काढला नव्हता. खुलासा आजही नाही.

बायकोने तांब्या ओळखला आणि पदर तोंडाला लावला. मी तो फोटो आक्काच्या फोटोशेजारी ठेवला. "आला गं," एवढंच म्हणालो.

धुलाई-प्रिंट मिळून सत्त्याण्णव रुपये झाले होते. स्टुडिओवाल्याला आक्काचीच नोट दिली. उरलेले तीन रुपये तिच्या खिडकीत आहेत... ते कुणाला परत करायचे?