डाव्या पुढच्या दाराची काच

वडील गेल्यावर दोन महिन्यांनी आमच्या गाडीची डावीकडची पुढची काच आपोआप खाली यायला लागली. कुठेही नाही, फक्त कल्याणच्या खाडीवरच्या पुलावर, आणि तेही ठाण्याकडे जाताना. पुलाच्या मध्याशी दोन स्लॅबच्या सांध्यावर लोखंडी पट्टी आहे. तिच्यावर चाक धप्पकन बसलं, की काच घरघरत वीतभर उतरायची आणि थांबायची. त्या सीटवर कोणी बसलेलं नसायचं. ती वडिलांची जागा.

माझा भुतांवर विश्वास नाही. पुलांच्या उद्घाटनाच्या जाहीर झालेल्या तारखांवरही नाही. गाडी सोळा वर्षांची आहे, तिचं काहीही आपोआप होऊ शकतं, असं मी पहिल्या वेळी मागे बसलेल्या आईला सांगितलं आणि काच वर घेतली. पुढच्या महिन्यात त्याच जागी काच पुन्हा उतरली तेव्हा मात्र तिनं माझ्या सीटची पाठ घट्ट धरली. ठाण्यात नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत तिनं ती सोडली नाही.

डॉक्टर डोळ्यांचे. आईच्या डाव्या डोळ्यासमोर मधोमध राखाडी डाग आहे. त्या डोळ्यानं समोरच्या माणसाच्या कडा दिसतात, चेहरा दिसत नाही. उजव्यातही तेच सुरू झालं होतं, आणि ते थोपवण्यासाठी महिन्याला एक इंजेक्शन डोळ्यात घ्यावं लागतं. चुकलं तर गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी तिला माझ्यादेखत सांगितलं होतं.

दुसऱ्या प्रसंगानंतर घरी आल्यावर आईनं जाहीर केलं, "मी आता त्या गाडीत बसणार नाही."

"मग टॅक्सी बोलावतो."

"आणि त्यांना मागे ठेवून मी टॅक्सीनं जाऊ?"

तिचं भय कशातून आलं होतं ते मला माहीत होतं. अतिदक्षता विभागात वडिलांचं भान सुटलं होतं, आणि शेवटचे दोन दिवस त्यांना वाटत होतं की आपण गाडीत बसलोय. ते सारखे हातानं खूण करत. "काच खाली कर गं. गुदमरतंय." तिथल्या काचा उघडणाऱ्या नव्हत्या. आई म्हणायची, "अहो, ही उघडत नाही." हे तिनं किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. तेच त्यांच्यातलं शेवटचं बोलणं ठरलं.

तीन आठवडे असेच गेले. पुढच्या इंजेक्शनला नऊ दिवस उरले होते.

मी स्वतःच कामाला लागलो. आधी बटण उघडून साफ केलं. मग उजव्या दाराचं बटण डाव्या दाराला लावून पाहिलं. एकटाच पुलावर गेलो, काच उतरली. शेवटी काचांचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि पुन्हा गेलो. काच जागची हलली नाही. मी विजयी मुद्रेनं घरी येऊन आईच्या तळहातावर तो लाल फ्यूज ठेवला.

तिनं तो डोळ्यांच्या कडेनं, मान तिरकी करून पाहिला. "तोंड बांधलंस म्हणजे त्यांचं म्हणणं संपलं का रे?"

त्यात आणखी एक गोष्ट होती, जी मी तिला सांगितली नव्हती. गाडी पार्किंगमध्ये लावून इंजिन बंद केलं, की त्या दारातून आवाज यायचा. हळू, ओला. कोणी तरी अडखळत घोट घेतल्यासारखा. एक घोट, मग थोडं थांबून दुसरा. भर दुपारी, शेजारच्यांचे पापड वाळत असताना, मी बंद दाराला कान लावून उभा राहायचो. चौकीदारानं विचारलं, तेव्हा मी मोबाइल पडला असं काही तरी सांगितलं.

चार दिवस उरले तेव्हा मी आमच्या मागच्या गावठाणातल्या वायरमनला बोलावलं. पन्नाशीचा, मूळचा इथलाच आगरी माणूस. त्याच्या भातशेतीवर आता तीन टॉवर उभे आहेत. त्याला कामाची गरज नाही, पण घरात बसवत नाही म्हणून गाड्यांच्या वायरी जोडतो. तो स्वतःची पेटी घेऊन आमच्या आवारात आला. मी सगळी हकिकत सांगितली, घोटांसकट. तो हसला नाही, याचं मला जरा वाईट वाटलं.

त्यानं दार उघडलं, झटका देऊन बंद केलं आणि ऐकलं. घोट.

"दादा, यात पानी हाय."

"दारात?"

"मंग? पावसाचं पानी काचेच्या फटीतून दारात जातंच. खाली भोकं असतात, त्यातून निघून जातं. तुमची भोकं बुजलीत." त्यानं खाली वाकून स्क्रूड्रायव्हर खुपसला. भोकातून आधी काहीच आलं नाही, मग काळपट केशरी पाणी सुटलं आणि ओघळत चाकाखाली गेलं. त्याला वास होता. देवघराचा, पण फार दिवस बंद राहिलेल्या. त्यानं हात मागे घेतला. "ये काय आयलं? आईंना बोलवा खाली."

"कशाला?"

"घाबरल्यात त्या, तुम्ही नाय. त्यांनी बगाया पायजे."

आई आली, आवारातल्या खुर्चीवर बसली. वायरमननं दाराचं आतलं कव्हर क्लिपा सोडवत काढलं, खालचं प्लास्टिक सोलून बाजूला केलं आणि टॉर्च मारला.

दाराच्या तळाशी बोटभर चिखल होता. त्यात झेंडूच्या पाकळ्या, तांदळाचे दाणे, दोऱ्याची गुंतवळ, कुंकवाचा गुठळलेला थर. आणि त्या चिखलातून कोंब आले होते. वीसेक असतील. पांढरे, दोऱ्यासारखे बारीक, उजेड कधीच न पाहिलेले. सगळेच्या सगळे एकाच बाजूला, वरच्या काचेच्या फटीकडे, मान उंचावून वळलेले. टॉर्च हलला तशा त्यांच्या सावल्या पत्र्यावर हलल्या.

"आई शप्पत," वायरमन म्हणाला.

हे कुठून आलं ते मला आईच्या आधी कळलं. दर शनिवारी आम्ही ठाण्याला आत्याकडे जायचो. मी गाडी चालवायचो, वडील शेजारी, मांडीवर आठवड्याचं निर्माल्य. पुलाला जाळी आहे. जाळीवर ‘निर्माल्य टाकू नका’ असा फलक आहे, आणि त्यावर सूचनेपेक्षा लोकप्रतिनिधींचे चेहरे मोठे आहेत. लोक तरीही पिशव्या भिरकावतात. वडिलांना त्या पिशव्यांची चीड होती. खाडीत प्लास्टिक टाकणाऱ्यांवर ते पुलाच्या मध्यापर्यंत भाषण करायचे, मग काच वीतभर खाली घेऊन पुडी सोडायचे आणि फुलं सुटी सुटी करून बाहेर उधळायचे. वीतभरच, कारण त्यांच्या कानाला वारा सोसत नसे. खाडीवरचा वारा अर्धी फुलं परत आणायचा. जी आमच्या अंगावर पडत ती आम्ही झटकायचो. उरलेली कुठे जात होती, ते आता समोर होतं.

आई खुर्चीवरून उठली. दाराशी आली आणि मान तिरकी करून आत बघत राहिली. "ही माझ्या पूजेची फुलं," ती म्हणाली. "एकही खाडीला पोचलं नाही की काय?"

"काही पोचली असतील, आई."

वायरमननं दोन तारा बोटांत धरून तिला दाखवल्या. जुन्या जोडावरची टेप ओलीनं सुटली होती आणि दोन्ही तारा उघड्या लोंबत होत्या. मी फ्यूज परत बसवून चावी फिरवली. वायरमन म्हणाला, "आई, आता बगा हां. मी बटणाला हात लावत नाय." त्यानं तार तारेला टेकवली. काच घरघरत खाली आली. त्यानं तारा सोडल्या, काच थांबली.

"म्हणजे धक्क्यानं?" आई म्हणाली.

"धक्क्यानं. दुसरं काय?"

मी विचारलं, "मग बाकीच्या खड्ड्यांवर का नाही? आमच्या नाक्यावर तर त्याहून मोठे आहेत."

त्यानं टेप दातानं तोडली. "त्या पट्टीचा मारच येगला, दादा."

सगळ्या स्पष्टीकरणात हा दुवा कच्चा होता. मी तो ताणला नाही.

त्यानं जोड नवे केले, भोकं मोकळी केली, काचेच्या खाचेतला गाळ खरवडून वंगण घातलं आणि काच तळापर्यंत नेऊन वर आणली. दहा वेळा तरी. कुठे अडली नाही. चिखल त्यानं पत्र्याच्या डब्यात काढला. आईनं तो मागून घेतला आणि गॅलरीतल्या तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीत ओतला. मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल. हात धुताना ती इतकंच म्हणाली, "म्हणजे ते नव्हतेच."

"नव्हते, आई."

"बरं."

ते "बरं" मला चार दिवस ऐकू येत राहिलं. इंजेक्शनला येणार का, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. ठरल्या दिवशी सकाळी ती तयार होऊन खाली आली आणि स्वतःच मागचं दार उघडून बसली. हातात काही नव्हतं.

पुलावर त्या दिवशी गर्दी नव्हती. खाडीला ओहोटी होती, पाणी मागे हटलेलं, चिखल चकाकत होता. पट्टी जवळ आली तसा माझा वेग कमी झाला. चाक धप्पकन बसलं. मी डावीकडे पाहिलं. काच बंद होती. मागचं चाक बसलं. काच बंदच. शेजारची सीट इतकी रिकामी मला तोपर्यंत कधी दिसली नव्हती.

मागून श्वास ऐकू आला. मग आई म्हणाली, "काच खाली कर रे."

"कुठली?"

"त्यांच्या बाजूची."

माझ्या दारावर सगळ्या काचांची बटणं आहेत. मी डाव्या काचेचं दाबलं आणि दाबून धरलं. काच उतरू लागली. वीतभर उतरली आणि थांबली. मोटरचा आवाजही थांबला. माझं बोट बटणावर तसंच होतं.

मी आणखी जोर दिला. पुन्हा दिला. कुठे तरी गाळ राहिला असेल, असं मी मनाशी म्हटलं. तसंच असणार.

वीतभर फटीतून खाडीचा वारा आत आला आणि रिकाम्या सीटवरून मागे गेला. आरशात आई दिसत होती. तिनं मान तिरकी केली होती आणि उजव्या डोळ्याच्या कडेनं ती पुढच्या सीटकडे बघत होती.

"असू दे," ती म्हणाली. "त्यांना तेवढीच लागते."

मी बटण सोडलं. नौपाड्याला आम्ही वेळेआधी दहा मिनिटं पोचलो. आई माझा हात न धरता आत गेली.