शेवटचं कडवं त्याचं नाही

अन्याय झाला तो लोणावळ्यात विजेचे मीटर वाचणाऱ्या माझ्या मित्रावर. कधी? दुष्काळ संपल्यानंतरच्या पहिल्या हनुमान जयंतीच्या आदल्या संध्याकाळी, सव्वासात वाजता. 'सुमारास' वगैरे काही नाही, मी घड्याळ बघितलं होतं. कुठे? टाकव्याच्या पुढे तासभर चाललं की लागणाऱ्या एका गावात, मारुतीच्या देवळासमोर.

मित्र रॉक गायचा. मराठीत, स्वतःची गाणी, स्वतःच्या इलेक्ट्रिक गिटारवर. दिवसा तो भुशीकडच्या बंगल्यांचे मीटर वाचत फिरायचा. मालक मुंबईला, बंगले बंद, आकडा गेल्या महिन्याचाच. त्या ओसाड व्हरांड्यांत बसून तो नोंदीच्या कागदांमागे गाणी लिहायचा. चंद्र नको, सखी नको, देव तर नकोच. एखादा शब्द सुंदर वाटला की लगेच खोडायचा. त्याचं सगळ्यात चांगलं गाणं तीन कडव्यांचं. पहिलं असं:

मला एकटं सोडा,
दार ओढून घ्या,
कोणी आलं तर सांगा
मी घरी नाही.

हे मावळातल्या तरुणांनी ऐकलंच पाहिजे, असं मी ठरवलं. मी तेव्हा मोर्च्यांची पत्रकं लिहायचो. या कार्यक्रमाचंही लिहिलं, आणि हाताच्या सवयीनं खाली छापलं: 'सर्वांनी बहुसंख्येने सामील व्हावे.'

झाले ना सामील! चाळीसेक माणसं टाळ घेऊन आली, पखवाज आला, भजनी मंडळाचे बुवा आले. त्यांची पद्धत अशी की पुढच्यानं ओळ म्हणायची, मागच्यांनी ती उचलायची, आणि नवी ओळ मिळेपर्यंत सोडायची नाही. मित्रानं देवळातल्या दिव्याची वीज गिटारला जोडली, डोळे मिटले आणि सुरू केलं, "मला एकटं सोडा."

चाळीस जण गरजले, "मला एकटं सोडा!"

तो दचकून थांबला. तो थांबला म्हणून त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली. मग दुप्पट लयीत. मित्र हातानं 'बस, बस' करत होता, पखवाजवाल्याला वाटलं आणखी वाढवा म्हणतोय. तीन मिनिटांचं गाणं पाऊण तास चाललं. 'मी घरी न्हाई'ला तर दोन म्हातारे फेर धरून नाचत होते आणि एक मावशी डोळे पुसत होत्या.

तिसरं कडवं संपलं. बुवा म्हणाले, "लय ग्वाड. पन नाव कुटं आलं?"

"कसलं नाव?" मित्रानं विचारलं.

"रचलं त्येचं. शेवटाला नाव येतंय ना."

"गाणं माझंच आहे. त्यात नाव कशाला?"

"आसं कसं, भाऊ? बिननावाचं सोडलं तर कुनीबी उचलून नेईल की!"

मी मधे पडलो. "बुवा, लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय एक अक्षर बदलता येणार नाही. हा हक्काचा प्रश्न आहे."

"व्हय, व्हय. बदलतंय कोन? वाढवतोय."

आणि बरोबर सव्वासातला बुवांनी चौथं कडवं लावून टाकलं:

दास मारुतीचा म्हणे,
उघड देवा दार,
आलो मी घरी.

"बगा," बुवा खूश होऊन म्हणाले, "आता घरात मानूस आलं."

मे महिन्यात मी ते सुदुंबऱ्याला एका दहाव्याला ऐकलं. मग तळेगावात एका वास्तुशांतीला. नव्या घरात पाऊल टाकताना लोक टाळ्या वाजवत म्हणत होते, मी घरी नाही! दिवाळीत मित्र लोणावळ्याच्या एका हॉलमध्ये ते गायला, तर पहिल्या रांगेतले निवृत्त मास्तर उठून ओरडले, "आमच्या आजोबांच्या तोंडी होता हो हा अभंग! चोरायचा तर चोरा, वाटोळं कशाला करता?" गाणं लिहून वर्षसुद्धा झालं नव्हतं. टाळ्या मास्तरांना पडल्या.

आता मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचं पत्र आलंय. गाणं त्यांना हवंय. पण 'रचना पारंपरिक असल्याने कवी म्हणून आपले नाव छापता येणार नाही. तसेच आपण गाळलेले शेवटचे कडवे कृपया घ्यावे.' महिनाअखेरपर्यंत ते सही करून परत पाठवायचं. सात वर्षं गाणी लिहिली, त्यातलं हे एकच कुणाला तरी हवंय, तेही त्याचं म्हणून नको. त्यानं सही केलेली नाही.

मी बुवांकडे गेलो. म्हटलं, हे गाणं माझ्या मित्राचं आहे असं लिहून द्या. माणूस सरळ. "देतो की," म्हणाले. "पन मारुतीचं काय? त्येचं बी एक कडवं हाय त्यात." त्या कागदाला कंपनी काय किंमत देणार!

म्हणून आता तुम्हाला सांगतो. तुमच्या गावात हे गाणं म्हणत असतीलच. तिसरं कडवं झालं की टाळ खाली ठेवा, उभे राहा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा: हे लोणावळ्याच्या मीटरवाल्यानं लिहिलंय, आणि ते इथंच संपतं.