पुठ्ठ्यावर लावलेला फोटो

गिरगावातल्या आमच्या चाळीत कॅमेरा माझ्या एकट्याकडे होता. फोर्टात कारकून म्हणून लागल्यावर दुसऱ्या वर्षी मी तो चोरबाजारातून घेतला. घडीचा, एका रिळात आठ फोटो निघायचे. चाळीतली बारशी, मुंजी मी फुकट टिपायचो. फिल्मचा खर्च अंगावर यायला लागला तेव्हा थोरली वहिनी म्हणाली, “भाऊजी, रविवारी चौपाटीवर एवढी माणसं येतात. त्यांचे काढा की, पैसे घेऊन!”

तसा मी चौपाटीवर उभा राहायला लागलो. पण पैसे मागायला तोंड उघडायचं नाही. पहिलं जोडपं आलं, त्यांना मी शेवटपर्यंत भाव सांगितलाच नाही. नवऱ्यानेच विचारलं, तर मी म्हणालो, “बघा, काय द्यायचं ते.” जवळचा भेळवाला हे बघत होता. तो म्हणाला, “साहेब, माल दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक येतं का? माझ्या कुरमुऱ्यांचा डोंगर बघा!” ते मला पटलं. एका पुठ्ठ्यावर चाळीतल्या पोरांचे चार फोटो चिकटवले, खाली ‘एक फोटो दीड रुपया’ लिहिलं आणि पुठ्ठा बाकाला टेकवून ठेवला. तरी माणसं बघायची आणि पुढे जायची.

महिनाभराने दोघी बायका आल्या. एक थोराड, मोठं कुंकू लावलेली. दुसरी चोवीस-पंचविशीची, कपाळ मोकळं, गळ्यात काही नाही. दोघी करी रोडच्या, एकाच गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या कामावर होत्या. धाकटी म्हणाली, “माझा एकटीचा काढायचाय. झील माझा गावाला आहे, आईकडे. तीन वर्षांचा झाला. गेल्या खेपेला मला बघून रडायलाच लागला, ओळखीना. फोटू असला तर आई रोज दाखवील त्याला.”

मी तिला समुद्राकडे पाठ करून उभं केलं. मलबार हिल मागे येत होती, उतरतं ऊन एका गालावर होतं. मी बटण दाबणार एवढ्यात ती “थांबा” म्हणाली आणि वळली. मैत्रिणीने कमरेच्या पिशवीतून कुंकवाची डबी काढली. धाकटी परत वळली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होतं.

“त्याला आईचं कपाळ मोकळं दिसायला नको,” ती मला म्हणाली. मग जराशी हसली, आणि मी तो क्षण टिपला. लगेच तिने पदराने कपाळ पुसून टाकलं, दोनदा, नीट.

जाताना म्हणाली, “दादा, हा फोटू कुणाला दाखवू नका हां. मी दिराच्या घरात राहते. कळलं तर माझं काही खरं नाही.”

“छे छे, भलतंच काय,” मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

पुढच्या रविवारी तिने फोटो नेला. बघताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण स्टुडिओतून मी दोन प्रती आणल्या होत्या. दुसरी माझ्या खिशात होती, कारण इतका चांगला फोटो तोवर माझ्या हातून निघाला नव्हता. चार दिवस मी तो बघत राहिलो. मग स्वतःला समजावलं, की करी रोडची माणसं इथे कशाला येतात? आणि पोरांचे फोटो काढून तिचा एकटीचा पुठ्ठ्यावर मधोमध लावला.

गिऱ्हाइकं थांबायला लागली. “असाच काढा,” असं म्हणायची. पैसे मागताना माझी जीभ अडेनाशी झाली.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. एका रविवारी चौपाटीवर सभा होती. दुपारपासून लालबाग-परळ-करी रोडकडून माणसांचे लोंढे यायला लागले, घोषणा देत, झेंडे घेऊन. गिरणगाव आज इथे येणार हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. मलाही होतं. मी खूश होतो ते एवढ्यासाठी, की आज धंदा होणार. पुठ्ठा काढावा हे मनात आलंच नाही, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. खरं सांगायचं तर आलं होतं. मी तो काढला नाही.

तिशीचा एक माणूस पुठ्ठ्यापुढे थबकला.

“हा कुणी काढला?”

“मीच,” मी म्हणालो. “तुमचाही असाच काढतो. उभे राहा.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने नखाने फोटो पुठ्ठ्यावरून सोडवला, खिशात घातला. “माझ्या मेलेल्या भावाची बायको आहे ती,” एवढंच म्हणाला आणि गर्दीत मिसळला. तो फोटो त्या बाळासाठी आहे हो, असं ओरडून सांगता आलं असतं. मी पुठ्ठा उचलून पालथा ठेवला. सभा सुरू झाली; मला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही.

आठवड्याने ती थोराड बाई एकटीच आली. “घराबाहेर काढलं तिला,” म्हणाली. “माझ्याकडे आणलंय. तुम्ही बोलला होता ना, दाखवणार नाही म्हणून?”

मी तिच्याकडून पत्ता घेतला आणि दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर निगेटिव्ह घेऊन करी रोडला तिच्या खोलीवर गेलो. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, धाकटी दाराशी तांदूळ निवडत बसलेली. मी निगेटिव्ह पुढे केली. तिने ती उजेडात धरली. काळ्या चेहऱ्यावर कुंकवाचा पांढरा ठिपका दिसत होता.

“माझं चुकलं,” मी म्हणालो.

“होय,” ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने निगेटिव्ह पेटीत ठेवली आणि पुन्हा सूप ओढलं. 

महाराष्ट्र झाला त्या वर्षी ती थोराड बाई पुन्हा चौपाटीवर भेटली. धाकटीने परळला खोली भाड्याने घेतली होती, मुलाला गावाहून आणून शाळेत घातलं होतं. “एका परी बरंच झालं,” ती थोराड बाई मला म्हणाली. “दिराच्या घरात पोराला आणता आलं नसतं तिला.”

त्या वाक्यावर मला सुटता आलं असतं. पण तिने जे निभावलं ते तिच्या हिमतीवर. माझ्या वाट्याला आलं ते एवढंच, की शब्द दिला आणि दीड रुपयासाठी मोडला. धंदा मी सोडला नाही, पुढे सहा वर्षं केला. फक्त पुठ्ठा परत मांडला नाही. कुणी विचारलं, फोटो कसे येतात, तर म्हणायचो, “काढून बघा, नाही आवडला तर पैसे देऊ नका.” बरेच जण निघून जायचे.