फुकटची बीअर

ओडिलोन एरवी चिक्कू, पण सायकल म्हटली की हात सैल. यंदा त्याने सगळ्यांत हलकी पेडलं आणली. तेव्हा त्याची बायको आल्मा म्हणाली, “दोन पाव कमी खा, फुकटात हलका होशील.”

या पेडलांमध्ये बूट खट्कन अडकतो. सुटायचं तर टाच बाहेर वळवायची. विसरलं की थांबल्या जागी माणूस सायकलसकट आडवा! बेल्जियममधल्या आउडेनार्ड गावच्या सायकल मंडळाची रविवारची फेरी कॅफेच्या दारात संपायची. तिथे असा जो पडेल त्याने सगळ्यांना बीअर पाजायची, हा जुना रिवाज. टोमणे वेगळेच. ओडिलोन तरुणपणी शर्यती मारलेला गडी, उभ्या जन्मात कधी पडला नव्हता. दुसऱ्यांच्या जिवावर मनसोक्त प्यायला.

सत्तरी उलटली आणि एप्रिलमध्ये तो पडला.

“अरे वा, उशिरा का होईना, पडलास बाबा,” त्याचा शाळेपासूनचा दोस्त विल्फ्रीड म्हणाला. कॅफेच्या खिडकीशी बसलेली आल्माही पोट धरून हसली. पुढच्या रविवारी तो परत पडला. मग घरी कॉफीत दोनदा साखर पडू लागली, लेकीच्या घराचा रस्ता चुकू लागला, आणि आल्माचं हसू आटलं. गेंट शहरातल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, विस्मरणाचा आजार आहे, वाढतच जाणार.

परतताना ओडिलोन म्हणाला, “मंडळात बोलू नकोस. पडलो तर पडू दे. ते हसतात तोवर मी त्यांच्यातला आहे.”

आल्माने मान डोलावली. पण तो कुठे भरकटला तर, या धास्तीने तिला घास जाईना. शेवटी तिने विल्फ्रीडला गाठलंच. “याच्या मागे राहत जा रे,” एवढं बोलताना तिला रडू फुटलं आणि ती आजाराचं सगळं बोलून गेली.

त्या रविवारी ओडिलोन दारातच कोसळला. पाय अडकलेला, गाल फरशीला, आणि ओठांवर हसू तयार. तो टोमण्याची वाट बघत राहिला. कुणी हसलं नाही. विल्फ्रीड गुडघ्यावर बसला आणि त्याने हलकेच त्याची टाच वळवून बूट सोडवला.

“बीअर माझ्याकडून,” ओडिलोन खिसा चाचपत म्हणाला.

“राहू दे रे. आज मी पाजतो.” विल्फ्रीडने वर पाहिलं नाही.

ओडिलोन आत येऊन आल्माशेजारी बसला. पुढ्यात ग्लास आला.

“सांगितलंस ना त्यांना?” त्याने हळूच विचारलं.

आल्माने त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही, पण ती फुकटची बीअर काही तो प्यायला नाही.