सोमा भाऊंनी घातलेली माझी गस्त

आईला नाही, नवऱ्याला नाही — औषध देणाऱ्या डॉक्टरांनासुद्धा मी अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं आजवर तोंडातून निघालं नाही. तुमची माझी ओळख नाही, म्हणून कदाचित आज जमेल.

मी वनरक्षक आहे. माहेर वरोऱ्याचं, नोकरी गडचिरोलीच्या जंगलात. काम काय, तर रोज आपल्या बीटात, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, पायी फिरायचं. आपण कुठून कुठे चाललो ते फोनमधलं ॲप टिपतं आणि तिकडे साहेबांना दिसतं. कोण किती चाललं, हे मिटिंगमध्ये वाचून दाखवतात. मी सांगतेय त्या वर्षी माझं नाव सतत वर असायचं. आणि त्याच वर्षी — हसू नका — मी वननाक्यावरच्या माझ्या खोलीतून बाहेरच पडत नव्हते.

काय झालं होतं मला? ताप नाही, दुखणं नाही. एक बूट घालायचा आणि दुसरा हातात धरून बसायचं, चहावर साय येईपर्यंत. उठून करायचं काय, असं वाटायचं. रडूही यायचं नाही. सुट्टीच्या अर्जात काय लिहिणार — मन उठत नाही म्हणून? मेले असते तरी लिहिलं नसतं, इतकी अकड. मग सोमा भाऊंना खोटंच सांगितलं, कंबर धरली आहे, माझा फोन तेवढा फिरवून आणा.

सोमा भाऊ म्हणजे आमचे वनमजूर, तिथल्याच गावचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. "आराम करा बाई, मी येतो जाऊन," म्हणाले. एका दिवसाचं ते कित्येक महिने चाललं. मिटिंगमध्ये टाळ्या वाजल्या की मी — आता काय सांगू — मान खाली घालून लाजल्यासारखं करायचे.

मोहाची फुलं गळायच्या दिवसांत एका सकाळी भाऊ दारातच थांबले. "बाई, मोह पडून राह्यला. नाल्याकडं अस्वल येते खायले. आज दोघं जाऊ." नियमही दोघांनीच जायचा आहे. पण मला राग आला. खरंच राग. "रोज जाता ना? मग आज काय झालं? जा म्हटलं तर जा!" वडिलांच्या वयाच्या माणसावर मी खाटेवर बसून ओरडले. त्यांनी माझा फोन खिशात टाकला. गेले.

दोन तासांनी परत आले. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, रक्तानं चिंब. आधी खिशातून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. "फोनले काही झालं नाई, बाई."

डावा डोळा गेला. दवाखान्यात साहेबांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत भाऊच बोलले, "बाई संगंच होत्या. त्याईनं आरडाओरड केली, म्हनून वाचलो." माझी नोकरी जाईल, हे त्या अवस्थेतही त्यांना कळत होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी "हो" म्हटलं. फोनही तेच सांगत होता. पुढे मला शाल मिळाली, प्रशस्तिपत्र मिळालं.

नंतर नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं — नैराश्य. गोळ्यांनी फरक पडला. आता दोन्ही बूट घालते, स्वतः चालते. तेव्हा खाटेवरून उठता येत नव्हतं तो आजार, मान्य. पण ते "हो"? ते आजाराचं नव्हतं. ते मी म्हटलं, पूर्ण शुद्धीत.

भाऊंनी घरीही तेच सांगितलं आहे. त्यांची बायको दर उन्हाळ्यात मोहाचे लाडू घेऊन नाक्यावर येते. माझ्याहून कितीतरी मोठी बाई — वाकून माझ्या पाया पडते. "माह्या मानसाले वाचवलं तुमी." भाऊ मागे उभे असतात, दुसरीकडे बघत.

यंदाही ती वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. लाडू घेतले.