आर्व्हिलचे जहागीरदार

आमच्या शेजारचे मिस्टर डार्व्हिल कुणाचंही नाव तोडत नसत. ब्रिस्टलला आल्यापासून मी शाळेच्या ऑफिसात 'मिसेस एन' होते, दूधवाल्यासाठी, तो सगळ्याच बायकांना म्हणतो तसं, 'लव्ह' होते आणि बाकी सगळ्यांसाठी डॉक्टरांची बायको होते. या गृहस्थांनी मात्र पहिल्याच दिवशी कुंपणापलीकडून माझं आडनाव विचारलं, माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून म्हणाले, "गुड मॉर्निंग, मिसेस नेरूरकर." जीभ जरा अडखळली, पण एक अक्षर गळलं नाही. मला इतकं बरं वाटलं की दुपारी मी त्यांच्याकडे शिऱ्याची वाटी पाठवली.

वाटी परत द्यायला आले तेव्हा आपल्या सवयीने मी विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं हो?" तिथल्या माणसांना असलं काही विचारायचं नसतं, ते हवापाण्यावर बोलतात. पण त्यांचा चेहरा असा खुलला, जणू जन्मभर ते याच प्रश्नाची वाट बघत होते. "आर्व्हिल," ते म्हणाले. "फ्रान्समध्ये, नॉर्मंडीत. आम्हाला तिथून निघून नऊशे वर्षं होत आली." मी म्हटलं, आम्ही नेरूरचे म्हणून नेरूरकर. ते म्हणाले, आम्ही आर्व्हिलचे म्हणून द'आर्व्हिल, त्याचंच पुढे डार्व्हिल झालं. मग ते ओट्याला टेकून जे बोलायला लागले, ते माझी आमटी आटेपर्यंत थांबले नाहीत.

नवरा संध्याकाळी घरी आला, सगळं ऐकून हसला आणि त्यांचं नाव जहागीरदार ठेवून मोकळा झाला. खरं तर ते विमानाच्या कारखान्यात ड्रॉइंग काढून रिटायर झालेले, बायको गेलेली, आमच्यासारख्याच, ओळीत भिंतीला भिंत लागलेल्या दोन बेडरूमच्या घरात एकटे राहणारे. कोपराला ठिगळ लावलेलं तपकिरी जॅकेट बारा महिने अंगात. पण नाव चिकटलं. "अगं, जहागीरदारांना आज स्टार्ट करू नकोस हं," नवरा कामावर निघताना बजावायचा, "मला वेळेत ऑपरेशन थिएटरला पोचायचंय." हा भूल देणारा डॉक्टर. जहागीरदार माझं काम माझ्यापेक्षा छान करतात, असंही म्हणायचा.

हसायला काय जातं! मला मात्र ती कहाणी आवडायची. आपले पूर्वज नॉर्मंडीहून समुद्र ओलांडून इंग्लंड जिंकायला आलेल्या राजा विल्यमच्या खांद्याला खांदा लावून लढले, अशी फुशारकी त्यांनी कधी मारली नाही. "ते सगळेच सांगतात," ते म्हणायचे. "इतकी माणसं त्या होड्यांत मावली तरी कशी?" त्यांचा मूळपुरुष लढाई संपल्यावर, कुणा सरदाराच्या घोड्यांची देखभाल करायला आला होता. त्याच्या नातवाला सॉमरसेटमध्ये जमीन मिळाली, दगडी घर झालं, चर्चमध्ये पुढचा बाक मिळाला. मग गादीवरून भांडणं लागली आणि डार्व्हिलांनी चुकीचा पक्ष धरला. पुढच्या भांडणातही तेच. जमीन गेली, घर गेलं. नावाआधीचा 'द' नावालाच चिकटून त्याचा 'डा' झाला. कुणी शेतकरी झाला, कुणी विणकर, आणि आजोबा ब्रिस्टलच्या गोदीत हमाल. "आम्ही नेहमी हरणाऱ्याच्या बाजूने उभे राहिलो, मिसेस नेरूरकर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना ते ताठ बसायचे.

आम्ही दर भारतवारीत नेरूरला जाऊन देवाला नारळ देऊन येतो, हे ऐकून ते फार विचारात पडले. "तुमचं तिथे घर आहे?" नाही. "नातेवाईक?" एक चुलत चुलते, तेही आम्हाला ओळखत नाहीत. "तरी जाता?" जावंच लागतं, मी म्हटलं. महिना गेला. मग एका सकाळी टोपी हातात धरून विचारलं, डॉक्टरांना उन्हाळ्यात सुट्टी असेल तर आपण मिळून आर्व्हिलला जाऊ या का?

आम्ही आमच्या गाडीने, फेरीबोटीत बसून गेलो. त्यांनी नवा टाय घातला होता. आर्व्हिल म्हणजे एक रस्ता, कुलूप लावलेलं चर्च, गाई आणि एक बेकरी. बेकरीतल्या बाईंना त्यांनी महिनाभर घोकलेलं फ्रेंच वाक्य सांगितलं: मी डार्व्हिल, या गावचा, आम्ही परत आलो आहोत. बाई गोड हसल्या आणि किती पाव देऊ म्हणून विचारलं. त्यांनी दोन घेतले. बाहेर येऊन ते पाव छातीशी धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आम्ही गेलो होतो, हेच यांना माहीत नाही." त्या वेळी माझ्या नवऱ्यालासुद्धा हसू आलं नाही.

परतीच्या फेरीबोटीत, डेकवर, त्यांनी हेलनचं नाव काढलं. त्यांना मुलगी आहे हेच तोवर मला ठाऊक नव्हतं. एकुलती एक, लीड्सला असते. सुताराशी लग्न केलं, हिग्ज त्याचं आडनाव. माणूस चांगला. मुलगा झाला तेव्हा यांनी सांगितलं, त्याला डार्व्हिल हे आडनाव द्या, नाहीतर ते माझ्याबरोबर संपेल. इंग्लंडमधल्या मोठ्या घराण्यांत मुलीच्या मुलाला आजोळचं नाव देतात म्हणे. जावई नाही म्हणाला. हेलनही नाही म्हणाली. हे बाप्तिस्म्याला गेले नाहीत. नातू आता आठ वर्षांचा होता आणि यांनी त्याला पाहिलेलंही नव्हतं.

मला राग आला, आणि राग आला की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. मी म्हटलं, "मी जन्मले ती मंदा वालावलकर. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याने त्यात अंगठीने नवं नाव लिहिलं. शुभांगी नेरूरकर. आडनाव गेलं, नावसुद्धा गेलं. माझे वडील समोर उभे राहून बघत होते. रडले, मग जेवायला बसले आणि दोन जिलब्या जास्त खाल्ल्या."

"नावसुद्धा?" ते म्हणाले. "आणि नंतर? तुमचे वडील तुमच्याकडे यायचे?"

"दर दिवाळीला. फराळाचा डबा घेऊन. मला मंदाच म्हणायचे."



त्यानंतर त्यांनी हेलनला फोन करायचं मनावर घेतलं. माझ्यासमोर रिसीव्हर उचलायचे, अर्धा नंबर फिरवायचे आणि खाली ठेवायचे. "काय बोलायचं ते ठरत नाही," म्हणायचे. "आधी नीट ठरवतो." नुसतं हॅलो म्हणा, मी सांगायचे. "नाही, मिसेस नेरूरकर. आठ वर्षांनंतर नुसतं हॅलो कसं म्हणायचं?" ख्रिसमस आला, गेला. मार्चमध्ये तिचा वाढदिवस असतो, तेव्हा नक्की, असं म्हणाले. फेब्रुवारीत गुलाब छाटताना बागेतच कोसळले. नवऱ्याने धावत जाऊन जे करायचं ते केलं, ॲम्ब्युलन्सही लगेच आली. हेलन लीड्सहून निघाली, पण ती बर्मिंगहॅमला गाडी बदलत होती तेव्हाच ते गेले.

अंत्यविधीनंतर ती त्यांच्या घराची किल्ली ठेवायला द्यायला आमच्याकडे आली. वडिलांसारखीच उंच, ताठ. मी चहा केला. ती म्हणाली, "ते तुम्हाला सगळं सांगायचे ना, आर्व्हिलचं? लहानपणी ते सुरू झाले की मी कानांवर उशी घ्यायचे. आता मुलगा विचारतो आणि मला काहीच येत नाही."

मग मी सांगितलं. घोड्यांपासून गोदीपर्यंत, त्यांच्याच क्रमाने, त्यांच्याच शब्दांत. नेरूरची मी, डार्व्हिलांच्या मुलीला तिचंच घराणं शिकवत होते. शेवटी तिने विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाले होते का?"

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी खरं तेच सांगितलं. ते फोन उचलायचे, काय बोलायचं ते ठरेना म्हणून खाली ठेवायचे. कितीतरी वेळा.

हेलनने कप खाली ठेवला. "मी उचलला असता," ती म्हणाली. "ते काहीच बोलले नसते, नुसते गप्प राहिले असते, तरी मला कळलं असतं की तेच आहेत."