मांत्रिकाच्या मांडवातलं जेवण

आमच्या खेळात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि तलवार लागली की हुकली ते फासे ठरवतात. गोष्ट सांगायचं काम माझं. काल्हेरच्या गोदामात माझ्यासोबत ड्युटी करणारे तिघं रविवारी अंजूरला आमच्या घरी यायचे आणि पडवीत ठाण मांडायचे. माझं लग्न तोंडावर आलं होतं, तरी खेळ काही सुटला नव्हता.

तेव्हा आम्ही एक फार जुनं साहस, म्हणजे खेळासाठी आधीच लिहिलेली गोष्ट, खेळायला काढलं. टेकडीवर एकटा मांत्रिक राहतो, खालच्या गावाच्या विहिरी आटवतो. गावकरी वीरांना बोलावतात, वीर त्याला मारतात, संपलं. तिघांतली टेमघरची मैत्रीण ते वाचून म्हणाली, "यार, हा विलन एकदम फुसका आहे. नुसताच वाईट. ह्याचं दुखणं काय?"

मला झोंबलं. आठवडाभर शिफ्ट सुटली की मी त्या मांत्रिकाच्याच मागे. शेवटी दुखणं सापडलं, आणि रविवारी मी फुशारकीने सांगायला बसले.

बाबा शेजारी झोपाळ्यावर माझ्या लग्नपत्रिकांच्या कोपऱ्यांना हळद लावत होते. आमच्या खेळाला ते भुताटकी म्हणायचे आणि कान मात्र इकडेच ठेवायचे.

मी सांगितलं, मांत्रिक एकेकाळी गावातलाच. त्याच्या मुलीची हळद होती. त्याने अख्ख्या गावाचं जेवण रांधलं आणि एकही माणूस आला नाही. संध्याकाळी त्याने भाताची टोपं गुरांपुढे उपडी केली आणि गाव सोडलं.

मैत्रीण म्हणाली, "बाप रे." मी खूश.

"तुला ह्ये कोनी सांगितलं?" बाबांनी विचारलं. त्यांचं हळदीचं बोट पत्रिकेवर तसंच टेकलेलं, खाली पिवळा डाग पसरत होता.

"कोणी नाही. मी रचलं."

"रचलं न्हाय. गुरांना भात घातला तवा तू कुंपनाशी उभी व्हतीस. मीच तुला उचलून घरी आनली."

कुंपण कुणाचं, ते विचारायची गरज नव्हती. थोरले काका खाडीच्या बांधाला एकटे राहतात. भांडकुदळ माणूस, त्यांनीच गावाशी तोडलं, असंच मी लहानपणापासून ऐकत आले होते.

बाबा थांबेनात. गोदामवाल्यांना रस्ता काकांच्या शेतातून हवा होता. आमची जमीन त्यामागे, रस्ता झाला तरच तिला भाव येणार. काका हटेनात. गावाची बैठक बसली, त्यांना वाळीत टाकायचं ठरलं, आणि त्यांच्या मुलीच्या हळदीला कोणीच गेलं नाही.

"पैला हात मी वर केला," बाबा म्हणाले.

मित्रांसमोर, माझ्या लग्नाच्या पत्रिका मांडीवर घेऊन माझा बाप हे सांगत होता. मी मांत्रिकाचं दुखणं शोधत बसले आणि गावकऱ्यांकडे बघितलंच नाही. गोष्टीत ते बिनचेहऱ्याचे होते. आता एकाला चेहरा आला होता.

मला रडूही आलं आणि रागही. मी म्हटलं, "काकांना आवतण गेल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही."

"तो दार उघडनार न्हाय."

"मग बंद दारासमोर उभे राहू."

खेळ तिथेच राहिला. बाबा आणि मी पत्रिका आणि अक्षता घेऊन त्याच संध्याकाळी बांधावर गेलो. काकांनी दार उघडलं. अक्षता घेतल्या, कपाळाला लावल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला हायसं वाटलं. मग ते बाबांकडे वळले.

"पोरीच्या हलदीला येतो," ते म्हणाले. "पन जेवनार न्हाय."

ते आले, सगळ्यांच्या आधी. डीजे सुरू व्हायच्या आत त्यांनी माझ्या दोन्ही गालांना हळद लावली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. आलेलं गाव त्यांच्याकडे न बघता पुढे सरकत होतं. पंगत बसली तेव्हा बाबांनी वाढप्याला बाजूला सारलं आणि स्वतः ताट घेऊन गेले. काकांनी हात जोडले, उठले आणि निघाले.

भरलेलं ताट दोन्ही हातांत धरून बाबा मांडवाच्या दारात उभे राहिले. ते कुठे ठेवायचं, हे त्यांना कळेना.